पाठीखालची सातवी फळी

पाय लावताना कुणी बोलायचे नसते. म्हणून त्या दुपारी नवी पेठेत, आमच्या दुकानासमोर तीस-चाळीस माणसे दाटीने उभी असूनही कुणी बोलत नव्हते. दगडी पायरीपाशी अंथरलेल्या पोत्यावर एक तरुण पालथा निजवलेला होता. त्याच्या शेजारी एक वयस्क बाई एका हाताने भिंतीचा आधार घेऊन उभी होती, आणि तिचे उजवे पाऊल त्याच्या कमरेच्या वर, वीतभर अंतरावर, हवेत थांबले होते. पलीकडे आडव्या पडलेल्या मोटारसायकलीतून पेट्रोल थेंबाथेंबाने फरशीवर गळत होते. ते थेंब मोजता यावेत इतकी शांतता पसरली होती, आणि त्या शांततेत काहीतरी नासले होते. काय ते कुणालाच सांगता आले नसते.

मित्रांनो, ती शांतता मी भिंतीला टेकून पाहिली. मी एका जुन्या दुकानाची सागवानी फळी आहे. हल्ली नव्या दुकानांना लोखंडी शटर बसवतात; ते खडखडत वर गेले की दुकान उघडते. गुरुलिंगशेठच्या चादरींच्या दुकानाला मात्र नऊ फळ्यांचे दार होते. संध्याकाळी आम्ही एकामागून एक उंबऱ्याच्या खाचेत सरकत जात असू. नवव्या फळीनंतर लोखंडी पट्टी आडवी पडून कुलूप लागले की नऊ जणींचे मिळून एक दार होई. प्रत्येकीच्या माथ्यावर शेठच्या आजोबांनी कोरून घेतलेला कानडी आकडा आहे. माझा आकडा सात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि एक जरी नसली तरी उरलेल्या आठ जणींना दार म्हणता येत नाही.

दक्षिणेकडच्या रानात मी कधीकाळी एक झाड होते. त्या झाडाच्या ऐन गाभ्यातून मला कापले, म्हणून मी इतर आठ जणींपेक्षा चार बोटे रुंद आहे. होटगीच्या फलाटावर आमचे ओंडके उतरले, सुताराच्या रंध्याखालून आम्ही गेलो, आणि तेव्हापासून मी उभी आहे: दिवसा भिंतीला टेकून, रात्री खाचेत. दर दिवाळीच्या पाडव्याला माझ्या अंगावर विभूतीचे तीन पट्टे उमटत. एवढाच माझा सन्मान होता आणि तो मला पुरत असे. आपण कशासाठी जन्मलो हे कळलेले आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते.

पोत्यावर पालथा पडलेला तरुण म्हणजे मानसिंग. वेळापूरकडच्या एका शेतकरी घरातला, पंचवीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा. शेठच्या चादरी मोटारसायकलीवर लादून तो तालुक्यातालुक्याच्या आठवडी बाजारांना पोहोचवी. ते साल चौऱ्याहत्तरचे होते, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा महिन्यावर आली होती, आणि माल हातोहात खपत होता. त्या दिवशी त्याने मागच्या सीटवर चादरींचे गठ्ठे स्वतःच्या डोक्यापेक्षा उंच रचले आणि एकाच काथ्याने बांधले. शेठने पाहिले. मी पाहिले. कुणी काही म्हटले नाही, कारण तो रोजच तसे बांधत असे.

दुकानापासून तो वीस पावले गेला असेल. एक हातगाडी अचानक आडवी आली. त्याने करकचून ब्रेक दाबला, मोटारसायकल थांबली, पण पाठीमागचे ओझे थांबले नाही. त्या ढकलण्याने गाडी उलटली, तो उंच उडाला आणि बसल्या बसल्याच शेजारच्या दुकानाच्या दगडी पायरीवर आपटला. रक्ताचा एक थेंबही सांडला नाही. मित्रांनो, सगळे अनर्थ त्या न सांडलेल्या रक्तातून सुरू झाले. रक्त दिसले असते तर माणसे घाबरली असती. इथे ती हसली. चौघांनी त्याला बगलेत धरून उचलले आणि आमच्या पायरीवर आणून बसवले.

"लई लागलं का रे?"

"न्हाय. कमरेत उसण भरल्यागत झालंय," मानसिंग म्हणाला. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"मग डॉक्टर कशाला," गुरुलिंगशेठ म्हणाले, "पार्वतम्मा हाय की."

पार्वतम्मा आमच्या गल्लीतली. कानडी घरातली, एकटी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकणारी. ती पायाळू होती, म्हणजे जन्मताना आईच्या पोटातून पायांकडून बाहेर आलेली. अशा माणसाने पाठीला पाय लावला की आत भरलेली उसण निघून जाते, अशी आमच्या भागात श्रद्धा आहे. तीन वेळा पाय लावायचा, आणि तोपर्यंत कुणी बोलायचे नाही. लावणाऱ्याने नाही, लावून घेणाऱ्यानेही नाही. पिठाचे हात पुसत पार्वतम्मा आली. या कामाच्या बदल्यात तिने कधी पानाचा विडासुद्धा घेतला नव्हता. देवाने आपल्याला वेगळ्या वाटेने जगात आणले ते काही उगीच नाही, एवढाच तिचा साधा अभिमान होता.

तिचे पाऊल एकदा टेकले, दोनदा टेकले. तिसऱ्यांदा उचलले गेले आणि हवेत थांबले, कारण खालची पाठ दगडासारखी ताठ झाली होती. तिथेच माझी गोष्ट सुरू झाली.

मानसिंगने रीत मोडली.

"अक्का," तो पोत्यात तोंड असतानाच म्हणाला, "माझे पाय कुटं हायती?"

"हितंच हायत की रे, तम्मा."

"मला न्हाय कळत ते."

पार्वतम्माने पाऊल जमिनीवर ठेवले. इतक्या हळू ठेवले की जणू जमीनही कुणाची पाठ होती.

मग सगळेच एकदम बोलू लागले. कुणी पाणी मागितले, कुणी कांदा फोडायला धावले. दोघे जण त्याला उचलून टांग्यात बसवायला निघाले. तेवढ्यात गर्दीतून एक खणखणीत आवाज आला, "हात काढा त्याच्यावरचा. सगळ्यांनी."

तो सिद्धनाथ होता, होटगी स्टेशनावरचा, रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन. लेकीसाठी चादर घ्यायला तो दुकानात आला होता.

"तू डाक्तर काय रं?" कुणीतरी त्याला टोमणा मारला.

"न्हाय. पर रेल्वेत आमाला परथमोपचार शिकिवत्यात. तीनदा नापास झालो, म्हनून चौथ्यांदा तोंडपाठ हाय. पाठीचा मणका मोडल्याला मानूस बसवायचा न्हाय, वाकवायचा न्हाय. टांग्यात बसवलासा तर ह्यो उभ्या जन्मात उठायचा न्हाय. एक लांब फळी द्या."

सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. गुरुलिंगशेठ दारात आडवे झाले.

"दुकानाची फळी? मग सांजच्याला दुकान कशानं लावू? आत जत्रेचा सगळा माल भरलाय."

"तुमच्या मालाला पाठ न्हाय, शेठ. ह्येला हाय."

शेठने एकदा पोत्याकडे पाहिले, एकदा आमच्याकडे. मी त्यांना दोष देत नाही. फळी देणे म्हणजे घराचा एक दात उपटून देणे असते. पण मग त्यांनी स्वतःच्या हातांनी मला उचलले. सर्वांत रुंद होते, म्हणून मला.

सिद्धनाथने चार जणांना एका बाजूला गुडघ्यांवर बसवले. एकाने डोके धरले. सगळ्यांनी एका दमात, ओंडका कलवावा तसा, मानसिंगला कुशीवर कलवले, मला त्याच्या पाठीशी सरकवले आणि त्याला माझ्यावर उताणे घेतले. मानेच्या दोन्ही बाजूंना त्याच्याच गठ्ठ्यातल्या चादरींच्या वळकट्या लावल्या, कपाळावरून, छातीवरून आणि गुडघ्यांवरून त्याच चादरींचे पट्टे आवळले. आठ जणांनी मला उचलले.

मित्रांनो, त्या क्षणापर्यंत मी आभाळ कधी पाहिले नव्हते. झाड असताना पाहिले असेल, पण करवतीनंतर ते आठवत नाही. नवी पेठेतल्या छपरांमधून त्याची एक अरुंद निळी पट्टी दिसत होती, माझ्याएवढीच लांब आणि माझ्याएवढीच रुंद. माझ्यावर एक माणूस होता. त्याच्या पाठीचे मणके मला एकेक करून जाणवत होते, आणि त्यांतला एक आपल्या ओळीत नव्हता. नऊ जणींच्या ओळीत आयुष्य घालवलेल्या मला ते चटकन कळले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी मला पाहिले, मग त्याला. "या फळीवर कुणी आणला?" त्यांनी विचारले. सिद्धनाथ मागे सरकला. त्याला वाटले, पुन्हा नापास झालो. डॉक्टर म्हणाले, "बरं केलंत." एवढे दोनच शब्द. सिद्धनाथ तसाच दुकानात परतला, लेकीची चादर घेतली आणि होटगीच्या गाडीला गेला म्हणे. त्यानंतर मी त्याला कधी पाहिले नाही. पण रोज आठवते.

फोटो काढल्यावर डॉक्टरांनी समजावून सांगितले. कमरेच्या वरचा एक मणका चेपला होता. त्याच्या आतून जाणारा मज्जारज्जू दबला होता; पण तुटलेला दिसत नव्हता. पाय परत येतील किंवा येणार नाहीत. महिनोन्‌महिने पाठ सरळ ठेवून पडून राहायचे, आणि वाट पाहायची. दवाखान्याच्या खाटा मध्ये झोळीसारख्या वाकलेल्या होत्या. म्हणून गादीखाली दवाखान्याची एक फळी आणि शेजारी मी, अशा आम्ही दोघी त्याच्या पाठीखाली गेलो.

त्या दिवशी पार्वतम्मा वॉर्डाच्या दाराशी संध्याकाळपर्यंत उभी होती. डॉक्टर बाहेर आले तेव्हा तिने विचारले, "साहेब, मी दोनदा पाय लावला. त्यानं झालं का?"

डॉक्टर तरुण होते आणि खोटे बोलायचे अजून शिकले नव्हते. "कदाचित पडतानाच सगळं झालं असेल. कदाचित बगलेत धरून उचलताना. कदाचित तुमच्या पायानं. आता कुणालाच सांगता येणार नाही, बाई. पण यापुढं असलं करू नका."

मानसिंगची बायको गोजरबाई तोवर गावाहून येऊन पोहोचली होती. तिने त्यातले एकच कदाचित ऐकले.

"एवढी तीस-चाळीस मानसं हुती तितं," ती म्हणाली, "कुनाला नडलं न्हवतं, तुमालाच पाय द्याची हौस. जावा घरी. पुन्ना तोंड दावू नगा."

पार्वतम्मा गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, गिरणीचा भोंगा झाला तेव्हा, ती भाकरीचे फडके घेऊन पुन्हा आली. गोजरबाईने तोंड फिरवले. भाकरी तशीच राहिली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी गोजरबाईने भाकरी खाल्ली, पण बोलली नाही. भूक ही रागापेक्षा प्रामाणिक असते.

आता मी तुम्हांला एक गोष्ट सांगते, जी फक्त माझ्यासारखीलाच ठाऊक असते. ज्याचे अर्धे शरीर निजले आहे असा माणूस एका जागी पडून राहिला, तर जिथे हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडीखेरीज काही नसते, तिथे ती कातडी मरू लागते. त्याला कळत नाही, कारण तिथून वेदनेची चिठ्ठी वर पोहोचतच नाही. मी कठीण आहे. माझ्या कठीणपणामुळे त्याचा कणा सरळ राहिला, आणि माझ्याच कठीणपणामुळे त्याची कातडी जाऊ शकत होती. आधार देणाराच घाव देऊ शकतो, हे कळल्यावर मला स्वतःची भीती वाटू लागली. यावर एकच उपाय होता. दर दोन तासांनी त्याला कूस बदलून द्यायची, पाठीची रेघ जराही न वाकवता. त्याला तीन माणसे लागत. वॉर्डातला एक शिपाई होता, गोजरबाई होती. तिसरी कोण?

"मी धरते," पार्वतम्मा म्हणाली.

तिघांनी एकाच क्षणी वळवायला हवे, नाहीतर पाठ पिळवटते. म्हणून पार्वतम्मा मोजत असे, आणि तिला मोजायचे ते कानडीतच मोजता येई. "ओंदु, एरडु, मूरु." मूरु म्हणताच तीन जोड्या हात एकदम वळत. माळशिरस तालुक्याच्या गोजरबाईला कानडीचा गंध नव्हता. ती भाषा ती तीन आकड्यांपुरती शिकली. एके दिवशी पार्वतम्माला यायला उशीर झाला, तेव्हा गोजरबाईनेच "ओंदु, एरडु" म्हटले आणि थांबली.

"मूरु," खाटेवरून मानसिंग म्हणाला. "मी सोताच म्हनतो. न्हायतर दोघींच्या भांडनात माझी कूस ऱ्हायची."

त्या दिवशी तिघेही हसले. त्या हसण्याचा कंप गादीतून माझ्यापर्यंत उतरला. पडल्यापासून त्याच्या पाठीतून माझ्याकडे आलेले ते पहिलेच हसू.

त्याच वॉर्डात, समोरच्या खाटेवर, अक्कलकोटकडचा एक शाळामास्तर होता. शिवयोगी त्याचे नाव. तोही मोटारसायकलीवरूनच पडलेला. लोकांनी जीव तोडून मदत केली होती. त्याला उचलून एका मालमोटारीच्या केबिनमध्ये दुमडून बसवले होते आणि खड्ड्याखड्ड्यांच्या वाटेने आणले होते. त्याचे पाय हलले नाहीत. पुढेही हलले नाहीत. तो फार मृदू बोलत असे, आणि मला न्याहाळत असे. एकदा तो मानसिंगला म्हणाला, "तुमच्या खाटेखाली कुठलं तरी दार आहे ना? मला दार मिळालं नाही." त्या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते अजून माझ्यात खिळ्यासारखे रुतून आहे.

पार्वतम्मा रोज मानसिंगचे पाय ओल्या फडक्याने पुसत असे. गल्लीत जिच्या पायाला लोक नमस्कार करीत, ती आता या पायांपाशी बसे. बोटाबोटांच्या सांध्यांतून फडके फिरवी, घोटे गोल फिरवी. डॉक्टरांनी तसे करायला सांगितले होते, नाहीतर सांधे गंजतात. मानसिंग तिच्याशी फारसे बोलत नसे. त्याच्या मनात राग होता की नव्हता, हे मला पाठीवरून ओळखता आले नाही. पाठ खूप काही सांगते, पण ते सांगत नाही.

सहावा आठवडा होता. उन्हे वॉर्डाच्या फरशीवर आली होती. पार्वतम्माने नेहमीसारखे फडके पिळले आणि डाव्या पावलावर ठेवले.

"अक्का," मानसिंग म्हणाला, "पाणी गार हाय की."

तिचा हात थांबला. गोजरबाई निवडत असलेल्या मुगांचे सूप तिच्या मांडीवरून घसरले. शिवयोगी मास्तराने समोरच्या खाटेवरून मान वळवली, आणि सर्वांत आधी तोच म्हणाला, "देवा, तुझे उपकार." मित्रांनो, ज्याच्या वाट्याला ती गारव्याची जाणीव कधी येणार नव्हती, त्याने दुसऱ्याच्या गारव्यासाठी आभार मानले. मनुष्यजातीबद्दल मला जी कृतज्ञता वाटते, तिचा उगम तिथे आहे.

मग महिन्यामागून महिने गेले. डाव्या अंगठ्याने हालचाल केली. मांडीत बळ आले. उजवा पाय मागे राहिला, तो कायमचाच थोडा मागे राहिला. दवाखान्यातून सुटल्यावर त्यांनी आमच्या गल्लीत भाड्याने खोली घेतली, तिथेही मी त्याच्या पाठीखाली होतेच. पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस लोखंडी पट्ट्यांचे बूट चढवून, दोन भिंतींच्या मध्ये, तो उभा राहिला. उभा राहिला आणि लगेच रडला. गोजरबाई म्हणाली, "उभं ऱ्हाऊन रडतायसा, मंजी बसून रडायची गरज संपली."

त्या दिवसापासून त्याला माझी गरज उरली नाही. मला हातगाडीवर घालून दुकानी परत पाठवले.

इकडे दुकानाचे काय झाले होते? पहिले काही दिवस शेठने माझ्या खाचेत बाकडे उभे करून, दोरखंडाने बांधून काम भागवले. लोक विचारत, "शेठ, दाराचा दात पडला काय?" ते म्हणत, "पडला न्हाय, उसना दिलाय." पुढे त्यांनी एक नवी फळी करून घेतली, पांढरी, हलक्या लाकडाची, आकडा नसलेली. मी परत आले तेव्हा ती माझ्या जागी सुखाने सरकत होती. मला खाचेत घालून पाहिले. महिनोन्‌महिने माणसाचे ओझे वाहून मी मध्ये किंचित वाकले होते. मी बसेना.

काही दिवस मी मागच्या खोलीत गठ्ठ्यांखाली पडून होते. मला वाईट वाटले, हे मी लपवत नाही. ज्या आठ जणींबरोबर मी आयुष्य काढले, त्या रात्री एकमेकींना खेटून उभ्या राहत आणि मी अंधारात एकटी आडवी असे. परंतु एके सकाळी शेठ आत आले, त्यांनी मला स्वच्छ पुसले, दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर दोन लोखंडी आकडे ठोकले आणि मला तिथे आडवी टांगली. पेठेत सगळ्यांना माहीत झाले: कुणी पडले, आपटले, उंचावरून कोसळले, तर गुरुलिंगशेठची फळी न्यायची. विचारायचेसुद्धा नाही. तेव्हापासून मी अकरा वेळा निघाले आहे आणि अकरा वेळा परत आले आहे. दर पाडव्याला विभूतीचे पट्टे आता माझ्यावर आधी उमटतात, मग त्या आठ जणींवर.

माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत त्यांची यादी मोठी आहे. तीनदा नापास होणारा सिद्धनाथ, दुकान उघडे टाकणारे शेठ, खोटे न बोलणारे डॉक्टर, ज्याला दार मिळाले नाही तो मास्तर. दाराने माणसांना अडवायचे असते. मला मात्र माणसांना पोहोचवायला मिळाले. कुठल्या फळीला मिळते असे?

म्हणून, मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. रस्त्यावर कुणी मोटारसायकलीवरून पडलेला दिसला, तर त्याचे रक्त शोधत बसू नका. त्याला उचलून बसवू नका, ओढू नका, पाठ चोळू नका. आधी त्याच्या कानाशी वाका आणि विचारा, "पाय कळतात का?" आणि तुम्ही स्वतः पडलात, तर लाजेने किंवा रीतीने गप्प राहू नका, काय कळते आणि काय कळत नाही ते मोठ्याने सांगा. मग एखादे दार शोधा. प्रत्येक गल्लीत एक तरी दार असते, आणि कुणाच्या तरी पाठीसाठी ते निखळायला तयार असते. मोटारसायकल चालवण्याइतके मोठे व्हाल, तेव्हा मागे ओझे डोक्याएवढे रचू नका.

आता गेल्या माघातली एक सकाळ सांगते आणि थांबते.

पार्वतम्मा आमच्या पायरीवर टोपली घेऊन बसली होती. त्या दुपारनंतर तिने कुणाच्या पाठीला पाय लावला नव्हता. उसण भरलेली माणसे अजून येत, विनवत, रागावत. ती "बेड, बेड", म्हणजे नको नको, म्हणून त्यांना दवाखान्याची वाट दाखवी. इतक्या वर्षांत तिने मानसिंगला तो प्रश्न एकदाही विचारला नव्हता. पण तो समोरून गेला की ती त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता त्याच्या पायांकडे पाही. ते मला भिंतीवरून दिसत असे.

मानसिंग दुकानात गल्ल्यावर बसायला येत होता. कुबड्यांवर कोपऱ्यापासून पायरीपर्यंत यायला त्याला एक पान लावून चघळून होईल इतका वेळ लागे. त्या दिवशी तो पायरीशी थांबला.

"अक्का, तुला एक सांगायचं ऱ्हायलंय."

"काय रे, तम्मा?"

"तुजा पाय लागायच्या आदीच गेलते माजे पाय. पोत्यावर पालथं घातलं तवाच कळत न्हवते. बोलायचं न्हाय म्हनून गप ऱ्हायलो. तुज्या पायानं काय झालं न्हाय."

पार्वतम्माने टोपलीवरचे फडके सारखे केले. पुन्हा सारखे केले. मी त्या दुपारी भिंतीला टेकून उभी होते, त्याची पाठ अजून माझ्यावर आलेली नव्हती. हे खरे की खोटे, मला सांगता येणार नाही.

ती म्हणाली, "खरं सांगतोस, का माझं मन राखतोस?"

मानसिंगने तिच्याकडे पाहिले. मग त्याने दोन्ही कुबड्या बगलेत नीट घेतल्या, उजवी कुबडी पुढे टाकली, डावा पाय पुढे आणला, डावी कुबडी, मग जरा थांबून उजवा पाय, आणि काहीही न बोलता तो आत गेला.